रेघ ओलांडणाऱ्याचं काय करायचं?

१६ जून २०२० ची संध्याकाळ मला नीट आठवते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आधी गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले तीन जण गेल्याची बातमी आली आणि रात्री उशिरा आकडा वीसवर गेला. मग नकाशे फिरायला लागले. कुणी तांबड्या रेघा मारलेले, कुणी हिरव्या. आपली रेघ इथे, त्यांची तिथे, खरी मधली. पुढची चार वर्षं आपण सगळेच त्या रेघांवर बोलत राहिलो, मीही बोललो. रेघ कुठे आहे हा प्रश्न खोटा नाही. पण त्याला जोडून एक दुसरा प्रश्न असतो आणि तो आपल्या चर्चेत जवळपास येतच नाही: ती रेघ कुणी ओलांडली तर पुढे काय करायचं, कुणी करायचं आणि किती दिवसांत करायचं? माझं मत असं झालंय की सरहद्दीवरची शांतता पहिल्या प्रश्नापेक्षा या दुसऱ्यावर जास्त अवलंबून असते. हे मत बनलं ते एका जुन्या तहामुळे, रशिया आणि चीन यांच्यातल्या १६८९ च्या नेर्चिन्स्कच्या तहामुळे. त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

सतराव्या शतकाच्या मध्यावर रशियाचे कोसॅक नावाचे लढवय्ये सैबेरिया ओलांडून अमूर नदीपर्यंत पोचले होते. त्यांना हवी होती सेबल या केसाळ प्राण्याची कातडी. जंगलात राहणाऱ्या एवेंकी, दाऊर वगैरे लोकांकडून ती कातडी कर म्हणून घ्यायची; या कराला यासाक म्हणत. नदीच्या दक्षिणेला चीनवर राज्य करणाऱ्या मांचूंचं छिंग साम्राज्य होतं. तेही याच लोकांना आपली प्रजा समजत होतं. तेव्हा त्या प्रदेशात सरहद्द म्हणजे जमिनीवरची रेघ नव्हतीच. कर कोण कुणाला देतो, यावर सरहद्द ठरायची. माणूस हलला की सरहद्द हलायची.

आणि १६६७ मध्ये माणूस हलला. गांतिमूर नावाचा एवेंकी सरदार छिंगांकडची चाकरी आणि हुद्दा सोडून आपल्या माणसांसह रशियाच्या हद्दीत गेला. पुढची वीस वर्षं पेकिंगहून, म्हणजे आजच्या बीजिंगहून, एकच मागणी येत राहिली: गांतिमूर परत द्या. रशियाचं उत्तर ठरलेलं: तो आपखुशीने आला आहे. पुढे त्याने बाप्तिस्मा घेतल्यावर तर त्याला परत देणं म्हणजे ख्रिस्ती माणूस परक्याच्या हाती देणं झालं. दोन्ही दरबारांची अब्रू एका टोळीप्रमुखाच्या मुक्कामावर येऊन बसली.

(योगायोग पाहा. त्याच १६६७ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांच्या फौजेने गोव्यातल्या बारदेशवर स्वारी केली. कारणही त्याच जातीचं होतं. महाराजांविरुद्ध उठलेले देसाई पोर्तुगीज मुलखात आसऱ्याला बसून तिथून उपद्रव करत होते. डिसेंबरात तह झाला, कैदी परत करायचे आणि देसायांना आवर घालायचा असं ठरलं. पळून आलेल्या माणसाला ठेवायचं की द्यायचं, हा त्या काळातला सगळ्यात अवघड सरहद्दीचा प्रश्न असावा. गोव्यात तो जवळपास महिन्याभरात मार्गी लागला, कारण बहुधा बोलणारे लोक एकमेकांना ओळखत होते आणि एकमेकांची भाषा जाणत होते.)

अमूरवर भाषेचाच वांधा होता. १६१९ मध्ये पेत्लिन नावाच्या कोसॅकने पेकिंगहून छिंगांच्या आधीच्या मिंग दरबाराचं पत्र मॉस्कोला आणलं होतं. ते वाचणारा माणूस मॉस्कोत नव्हता. पत्र पडून राहिलं आणि १६७५ मध्ये उलगडलं. छप्पन्न वर्षं! रशियन भाषेत अगम्य गोष्टीला आजही 'चिनी पत्र' म्हणतात. १६७० मध्ये सैबेरियातल्या नेर्चिन्स्क ठाण्याच्या रशियन सुभेदाराने एक कोसॅक पेकिंगला पाठवला. त्याच्याजवळच्या हुकुमात छिंग सम्राटानेच झारचं मांडलिकत्व पत्करावं असं लिहिलं होतं. हा मजकूर तिथे नीट पोचला असता तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही. दोन बलाढ्य राज्यं, आणि एकमेकांच्या कागाळ्या ऐकण्याची साधी सोय नाही.

मग व्हायचं ते झालं. अमूरकाठचं अल्बाझिन हे लाकडी ठाणं मुळात सरकारी नव्हतंच. आपल्याच अधिकाऱ्याला मारून पळालेल्या चेर्निगोव्स्की नावाच्या माणसाने १६६५ मध्ये ते पुन्हा उभं केलं होतं. तिथून कातड्यांचा कर मॉस्कोला जायला लागला, तसा झारने गुन्हा माफ केला आणि ठाणं आपलं म्हटलं. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. सरहद्दीवरचा दांडगा माणूस आपल्या जबाबदारीवर काहीतरी करतो, ते फायद्याचं निघतं आणि राज्य मागाहून त्यावर शिक्का मारतं. शिक्का मारला की त्याची पुढची प्रत्येक आगळीक राज्याच्या नावावर जमा होते.

१६८५ मध्ये छिंग फौजेने अल्बाझिन घेतलं, जाळलं आणि रशियनांना जाऊ दिलं. शेतातलं पीक मात्र तसंच उभं ठेवून फौज माघारी फिरली. पिकाच्या ओढीने रशियन परत आले, पीक काढलं आणि ठाणंही पुन्हा बांधलं. १६८६ मध्ये दुसरा वेढा पडला. आत सुमारे आठशे माणसं होती. तोफा, थंडी आणि स्कर्व्हीचा आजार यांतून शंभरसुद्धा वाचली नाहीत. वाटाघाटीसाठी मोठा वकील निघाल्याची वर्दी देणारे दूत मॉस्कोहून पेकिंगला पोचले, तेव्हा कांग्शी सम्राटाने वेढा सैल करायचा हुकूम दिला. ती वर्दी आणखी काही महिने आधी पोचली असती तर आठशेतले बहुतेक जण जगले असते. मॉस्को ते पेकिंग अंतरच तेवढं होतं.

ऑगस्ट १६८९ मध्ये नेर्चिन्स्कजवळच्या माळावर दोन तंबू एकमेकांना लागून उभे राहिले. छिंगांच्या बाजूने आलेल्या फ्रेंच पाद्री जेर्बियोंने दैनंदिनी लिहिली, म्हणून ते दृश्य आपल्याला दिसतं. रशियाचा वकील गोलोविन याच्या तंबूत गालिचे अंथरलेले. मेजावर रेशमी-जरीचं इराणी आच्छादन, त्यावर कागद, दौत आणि एक घड्याळ. शेजारी छिंगांचा वकील सोंगोतू याचा तंबू साध्या कापडाचा, आत नक्षी नसलेली बाकं. प्रत्येक बाजूचे चाळीस अधिकारी आणि दोनशे साठ शिपाई, दोन्हीकडे बरोबर सारखे. शिपायांनी हत्यार लपवलंय का, याची एकमेकांनी झडती घ्यायची. कुणी आधी पोचायचं आणि कुणी आधी बसायचं यावरही घासाघीस झालेली, त्यामुळे तंबूत शिरणंही जोडीनेच. हे सगळं आज बालिश वाटेल. मला तसं वाटत नाही. ज्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, त्यांना समोरासमोर बसवायचं तर समानता अशी मोजूनमापूनच दाखवावी लागते.

बोलणी लॅटिनमध्ये झाली. मांचूंच्या बाजूने जेर्बियों आणि पोर्तुगीज पाद्री परेरा दुभाषे होते, रशियाकडे एक पोलिश माणूस. सैबेरियाच्या माळावर मांचू आणि रशियन लॅटिनमध्ये भांडले, कारण दोघांना नीट बोलता येईल अशी तेवढी एकच सामाईक भाषा होती. गोलोविनला पाद्र्यांवर संशय, मांचूंना मंगोल दुभाष्यांवर. दोनदा बोलणी फिसकटायच्या बेतात आली. छिंगांनी फौजही हलवली होती आणि ती गोलोविनच्या फौजेच्या कितीतरी पट होती. अखेर तह झाला. अर्गुन आणि गोर्बित्सा या नद्या आणि पुढची डोंगररांग ही हद्द ठरली, अल्बाझिन पाडायचं ठरलं. आणि गांतिमूर? वीस वर्षं ज्याच्यावरून एवढा बखेडा झाला, तो विषय छिंगांनी सोडून दिला. आधी इकडेतिकडे गेलेले जिथे आहेत तिथेच राहतील, तहानंतर कुणी पळाला तर मात्र परत द्यायचा, असं ठरलं. त्याचे वंशज पुढे रशियाचे सरदार म्हणून गान्तिमुरोव्ह या नावाने नांदले.

शाळा-कॉलेजात हा तह शिकवतात तो हद्दीसाठी. पण हद्द अर्धवटच ठरली होती. पूर्वेकडे उदा नदीचा मुलूख कुणाचा, हे तहात सरळ 'नंतर पाहू' म्हणून सोडलं आहे. मंगोलियाची बाजू तर घेतलीच नाही. तरीही तह टिकला, आणि तो टिकला त्याचं कारण मला त्याच्या दुसऱ्या एका कलमात दिसतं. त्या कलमाचा आशय असा: एकटादुकटा शिकारी वगैरे हद्द ओलांडून शिकार करताना किंवा चोरी करताना सापडला, तर त्याला पकडून त्याच्याच राज्याच्या नजीकच्या अधिकाऱ्याकडे द्यायचं, आणि त्या अधिकाऱ्याने त्याला शिक्षा करायची. दहा-पंधरा जणांची सशस्त्र टोळी येऊन खून-दरोडा करत असेल, तर वर कळवायचं आणि त्यांना देहदंड. आणि मग तहातलं सगळ्यात मोलाचं वाक्य: अशा काही व्यक्तींच्या आगळिकीसाठी दोन्हीपैकी कुणीही युद्ध उभं करायचं नाही.

या वाक्यात गुन्हा माफ केलेला नाही. उलट शिक्षा कडक आहे. केलंय ते एवढंच की गुन्हा करणारा माणूस आणि त्याचं राज्य यांच्यामध्ये एक भिंत उभी केली आहे. माणसाची जबाबदारी माणसावर. आणि ती वसूल करण्याचं काम राज्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, नजीकच्या ठाणेदारावर सोपवलं आहे. गोष्ट सम्राटाच्या कानी जायच्या आत मिटवता येईल अशी ती रचना आहे. आधीची वीस वर्षं नेमकं उलट चाललं होतं. एक सरदार पळाला की थेट सम्राट आणि झार समोरासमोर.

रशिया-मंगोलिया सरहद्दीवरच्या क्याख्ता इथल्या १७२७ च्या तहाने ही रचना आणखी पक्की केली. रशियाचा वकील साव्वा व्लादिस्लाविच मोठा जाणता माणूस. मंगोलियाकडची हद्द आखली गेली, पूर्वेला ६३ आणि पश्चिमेला २४ खुणा उभारल्या गेल्या. त्याहून शहाणपणाची गोष्ट पत्रव्यवहाराची. झार स्वतःला कुणापेक्षा कमी म्हणवणार नाही आणि छिंग सम्राट कुणाला बरोबरीचा म्हणणार नाही, म्हणजे दोघांनी एकमेकांना पत्र लिहायचं तर मायन्यावरच गाडी अडणार. तोड अशी काढली की राजांनी एकमेकांना लिहायचंच नाही. रशियाच्या सिनेटने छिंगांच्या लीफान युआनला, म्हणजे मंगोल आणि सरहद्दीचा कारभार पाहणाऱ्या खात्याला, लिहायचं. खात्याचं पत्र खात्याला. मान जपला गेला आणि कामही अडलं नाही.

म्हणजे पुढे सगळं सुरळीत चाललं का? मुळीच नाही. १७५७ मध्ये छिंगांविरुद्ध उठलेला झुंगार, म्हणजे पश्चिमेकडच्या मंगोलांचा, सरदार अमुरसाना रशियात पळाला आणि तोबोल्स्कला देवीने मेला. पेकिंगहून मागणी आली: प्रेत द्या. रशियाने म्हटलं, माणूस मेला तिथे पळपुट्याचं कलम संपलं. हवं तर येऊन खात्री करा. प्रेत सरहद्दीपर्यंत आणलं गेलं. १७५८ मध्ये छिंगांचे अधिकारी आले, त्यांनी ते पाहिलं, ओळखलं आणि तरीही मागणी सोडली नाही. एका मेलेल्या माणसावरून वर्षानुवर्षं खलिते जात-येत राहिले. पुढे १७८५ मध्ये छिंग व्यापाऱ्यांना लुटणाऱ्या टोळीला रशियाने फाशीऐवजी फटके आणि हद्दपारी दिली, म्हणून छिंगांनी क्याख्ताचा व्यापार बंद केला. तो १७९२ पर्यंत, सात वर्षं बंद होता. चहा आणि कातड्यांवर जगणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांचे हाल झाले. राग होता, धमक्या होत्या, नुकसान होतं. पण तोफ उडाली नाही. भांडण कलमाच्या आत राहिलं. अमुक गुन्ह्याला अमुक शिक्षा का दिली नाही, यावर भांडायला दोघांकडे सामाईक कागद होता, आणि ज्याच्यावर भांडायचं तो कागद असणं हीच मोठी गोष्ट आहे.

याच्या उलट उदाहरणही आहे. तुर्कांचं ऑटोमन आणि ऑस्ट्रियाचं हाब्सबुर्ग या साम्राज्यांमध्ये क्रोएशिया-हंगेरीच्या पट्ट्यात सोळाव्या शतकात छापे, गुरं पळवणं, माणसं धरून खंडणी मागणं रोजचंच होतं. तरी तह चालू असायचा, कारण एक रिवाज होता: तोफखाना नेला नाही तर त्या छाप्याला युद्ध म्हणायचं नाही. बोस्नियाच्या हसन पाशाने १५९१ पासून हा रिवाज ओलांडायला सुरुवात केली. १५९२ मध्ये त्याने बिहाच हे शहरच घेतलं. जून १५९३ मध्ये सिसाकला त्याचा पराभव झाला आणि तो कूपा नदीत बुडून मेला. हे पाशाचं स्वतःचं साहस होतं असं म्हणून विषय मिटवता आला असता. पण इराणशी चाललेलं युद्ध १५९० मध्येच संपलेलं, फौज मोकळी, आणि वजीर सिनान पाशाला युद्ध हवं होतं. हाब्सबुर्गांचा वकील इस्तंबूलमध्ये कैद झाला आणि कैदेतच मेला. युद्ध तेरा वर्षं चाललं. सिसाकची घटना अमुरसानाच्या प्रेतापेक्षा मोठी होती हे खरं, पण तेरा वर्षांइतकी मोठी नव्हती. ज्याला युद्ध हवं त्याला निमित्त मिळालं, आणि आगळीक करणारा माणूस आणि त्याचं राज्य यांच्यातली भिंत राज्यानेच पाडली.

इथे माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जड आक्षेप येतो, आणि तो मी टाळणार नाही. नेर्चिन्स्कच्या कलमातला माणूस शिकारी होता. आज लडाखच्या डोंगरात रेघ ओलांडतो तो गणवेशातला सैनिक, वरून आदेश घेऊन आलेला. त्याला 'व्यक्तीची आगळीक' म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक. शिवाय अशी एकेक घटना लहान म्हणून सोडत गेलं तर इंचाइंचाने जमीन जाते. हे दोन्ही खरं आहे. कांग्शीनेही अल्बाझिन सोडलं नव्हतं. दोनदा वेढा घालून, ते ठाणं पाडायला लावूनच त्याने तह केला. ठाणं बसवणं वेगळं आणि शिकारीला येणं वेगळं, हा फरक त्याने नीट ओळखला होता. जिथे राज्यच येतं तिथे राज्यालाच उत्तर द्यावं लागतं.

पण म्हणून कलमाची किंमत कमी होत नाही. आपल्याच अनुभवाकडे पाहा. १९९३ आणि १९९६ मध्ये भारत आणि चीनने प्रत्यक्ष नियंत्रण रेषेबद्दल करार केले. पहिला झाला तेव्हा पंतप्रधान होते नरसिंह राव, आपल्या रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेलेले. १९९६ च्या करारात रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही असं म्हटलंय, आणि त्याच कलमात बंदूक घेऊन शिकार करायची नाही असंही म्हटलंय. ते वाचताना मला नेर्चिन्स्कचा शिकारी आठवला. रेषा तेव्हाही दोघांना मान्य नव्हती, आजही नाही. नकाशे एकमेकांना द्यायचे ठरलं, ते मधल्या क्षेत्रापुरतं झालं आणि पुढे अडलं. म्हणजे रेघ नव्हती, कलम होतं. १९७५ मध्ये अरुणाचलमधल्या तुलुंग ला इथे चार जवान गोळीबारात गेले, त्यानंतर २०२० पर्यंत त्या सरहद्दीवर चकमकीत एकही माणूस मेला नाही. पंचेचाळीस वर्षं. रेघ नसताना.

गलवानमध्ये गोळी झाडली गेली नाही हेही त्या कलमाचंच. पण दगड-दांडक्यांनी वीस माणसं मारली गेली. मोठ्या संख्येने फौज रेषेजवळ आणू नये, हा त्याच करारांचा गाभा होता. तो आधीच्या काही आठवड्यांत चीनने मोडला होता आणि त्याच्यासाठी नजीकच्या ठाणेदाराची पायरी पुरी पडणं शक्यच नव्हतं. म्हणून आपण मागायला हवं ते हे: फौजा किती आणि कुठे असाव्यात, नियम मोडला तर किती तासांत कुणी कुणाशी बोलायचं, पाहणी कुणी करायची, न पटल्यास पुढची पायरी कोणती, हे लिहिलेलं असावं, आणि त्यातलं जे सांगता येईल ते संसदेला आणि लोकांना सांगितलेलं असावं. २१ ऑक्टोबर २०२४ ला देपसांग आणि देमचोकमध्ये गस्तीबद्दल समझोता झाल्याचं जाहीर झालं. टीव्हीवर त्या दिवशी कोण जिंकलं याची चर्चा होती. गस्त आधी कळवून जाणार का, समोरासमोर गाठ पडली तर कोण मागे फिरणार, हे फारसं कुणी विचारलं नाही. माझ्या मते बातमी तिथेच होती.

आणि एक गोष्ट, जी नेर्चिन्स्कच्या तहाचं कौतुक करताना विसरता येत नाही. त्या तहाने रशिया बाजूला राहील याची खात्री झाल्यावर कांग्शीचे हात झुंगारांविरुद्ध मोकळे झाले. १६९६ मध्ये त्याने झुंगारांचा प्रमुख गाल्दान याचा पराभव केला आणि त्याच्या नातवाच्या काळात झुंगार हे लोक म्हणून जवळजवळ संपले. लढाईने, कत्तलीने आणि देवीच्या साथीने. एवेंकी, दाऊर, बुर्यात यांना तर तहात आवाजच नव्हता. पूर्वी ते दोन्हीकडे जनावरं चारत, शिकार करत, हवं तिकडे वळत. तहाने त्यांना गुन्हेगार ठरवण्याची व्यवस्था केली. साम्राज्यांची शांतता त्यांच्या चालण्याच्या स्वातंत्र्यातून वसूल झाली.

आज पूर्व लडाखमध्ये चुशूलच्या बाजूला २०२० नंतर दोन्ही फौजांनी मागे सरून मोकळे पट्टे ठेवले आहेत. त्यांतली काही जमीन चांगपा पशुपालकांची हिवाळी कुरणं होती. जानेवारी २०२४ मध्ये एक चित्रफीत आली होती. मेंढ्या घेऊन आलेले काही लडाखी पशुपालक, समोर चिनी सैनिक आणि त्यांच्या गाड्या. पशुपालक हात हलवून सांगताहेत की ही आमची चराईची जागा आहे. कुणी मागे हटत नाही. तिथे दुभाषा नव्हता आणि लॅटिनही नव्हती. मी ती चित्रफीत तीनदा पाहिली. पुढचा करार होईल तेव्हा त्यात या मेंढपाळाचं कलम असायला हवं: कोणत्या महिन्यात, किती जनावरं घेऊन, कुठपर्यंत जाता येईल, आणि अडवलं तर त्याने कुणाकडे जायचं. चुशूलच्या लोकांना हे टेबलावर बोलावून विचारलं, तर ते एका दुपारी सगळं सांगतील.